कुत्रं कुठे झोपतं ते आधी पाहा, मग त्याचं अंथरूण घाला

'काकचेष्टा बकोध्यानं श्वाननिद्रा तथैव च' हा श्लोक शाळेत बहुतेकांनी पाठ केला असेल. चांगल्या विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत कुत्र्याची झोप आहे, कारण ती सावध असते. खुट्ट झालं की कान टवकारले. मीही लहानपणापासून कुत्र्याची झोप म्हणजे एवढंच समजत होते. मग आमच्या सांगलीच्या घरात राणी आली. अंगणात जन्मलेली, तांबूस, गावठी. पहिले चार महिने ती खरंच श्लोकातल्यासारखी झोपायची. पाचव्या महिन्यात एका दुपारी ती स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर उताणी पडली होती. चारी पाय वर, तोंड उघडं, जीभ एका बाजूला आलेली. मी शेजारून पातेलं घेऊन गेले तरी हलली नाही. त्या दिवशी आम्हाला कळलं की तिला आता हे घर आपलं वाटतंय.

तेव्हापासून घरात चार कुत्री झाली. ओळखीतल्या कुणी कुत्रं आणलं की मला विचारतात, गादी कुठली घेऊ, बाल्कनीत ठेवू की जिन्याखाली? माझं उत्तर ठरलेलं आहे. एवढ्यात काही विकत घेऊ नका. आपल्या सोयीच्या कोपऱ्यात महागडी गादी टाकायची, कुत्रं दाराशी पायपुसण्यावर झोपलं की त्याला हट्टी म्हणायचं, हे मी फार घरांत पाहिलंय. कुत्रं जागा निवडतं त्याला कारण असतं. ते कारण सापडलं की निम्मं काम झालं.

सात दिवस नुसतं पाहा आणि लिहून ठेवा

एक जुनी वही घ्या. रोज रात्री झोपताना, मध्येच जाग आली तर तेव्हा, पहाटे आणि दुपारी जेवणानंतर इतकंच टिपायचं: कुठे झोपलंय, कसं झोपलंय, तोंड कोणत्या दिशेला आहे, घरात त्या वेळी कोण कुठे होतं. माझ्या वहीतल्या एका रात्रीची नोंद अशी आहे:

'मंगळवार. रात्री ११, राणी उंबऱ्यापाशी, मुटकुळं, तोंड दाराकडे. १.४०, आईच्या खोलीच्या दारात, आडवी. २, परत उंबरा. पहाटे ५, पुन्हा आईच्या दारात.'

पहिल्या दिवशी यातून काहीच कळलं नाही. पाचव्या दिवशी लक्षात आलं की आई रात्री बाथरूमला उठते, त्या वेळेच्या थोडं आधी किंवा नेमक्या त्याच वेळी राणी तिच्या दारात असते. आई परत येऊन पडली की ही उंबऱ्याकडे जाते. 'रात्रभर फिरत असते, हिला झोप नाही का?' असं आम्ही म्हणत होतो आणि ती आपलं काम करत होती. मग तिची गोधडी आम्ही बोळात अशा जागी घातली, जिथून बाहेरचं दार आणि आईची खोली दोन्ही दिसतात. तिचं फिरणं जवळजवळ थांबलं.

याच आठवड्यात आणखी एक गोष्ट मोजायची आणि ती मात्र आयुष्यभर चालू ठेवायची: झोपेतला श्वास. कुत्रं गाढ झोपलेलं असताना, स्वप्नात पाय हलत नसताना, त्याच्या बरगड्यांकडे पाहा. बरगडी वर जाऊन खाली आली की एक. भिंतीवरच्या घड्याळावर ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. निरोगी कुत्र्याचा झोपेतला श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतो. तुमच्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा कोणता, हे तुम्हाला तोंडपाठ हवं. आमच्या बंड्याचा, म्हणजे लॅब्रॅडॉरचा, वर्षानुवर्षं २२ ते २४ यायचा. तो नऊ वर्षांचा असताना एका आठवड्यात ३६, ३८, ४१ असे आकडे आले. खाणं नीट, शेपूट हलतेय, फिरायला उड्या मारत निघतोय. वही नसती तर आम्ही डॉक्टरकडे गेलोच नसतो. तपासणीत हृदयाचा त्रास निघाला, औषधं वेळेत सुरू झाली, आणि त्यानंतर तो आणखी दोन वर्षं आमच्याबरोबर होता. या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे श्वास मोजायचं करा.

त्याची झोप आपल्यासारखी नसते, हे समजून घ्या

मोठं कुत्रं दिवसाच्या २४ तासांत साधारण १२ ते १४ तास झोपतं. पिल्लू १८ ते २० तास. म्हातारं कुत्रं पुन्हा जास्त झोपायला लागतं. आपण एकदाच सलग झोपतो, ते तुकड्यातुकड्यांत झोपतं: डुलकी, जाग, कूस बदलणं, पुन्हा डुलकी. त्यामुळे ते रात्री तीनदा उठून पाणी पिऊन आलं तर काही बिघडलेलं नाही. उलट चार महिन्यांचं पिल्लू दिवसभर मुलांनी खेळवत ठेवलं आणि संध्याकाळी ते वेड्यासारखं चावत, धावत सुटलं, तर त्याला मस्ती आलेली नसते. ते झोपेला आलेलं असतं. लहान मूल पेंगुळलं की किरकिर करतं, तसंच हे. अशा वेळी खेळ वाढवू नका. दिवा कमी करा, त्याला त्याच्या जागेवर न्या आणि स्वतः शेजारी गप्प बसा. बहुतेक वेळा दहा मिनिटांत मान टेकते.

झोप म्हणजे त्याची शाळाही असते. हंगेरीत बुडापेस्टच्या योत्वॉश लोरांद विद्यापीठात कुत्र्यांच्या वागण्यावर १९९४ पासून काम चालू आहे. तिथल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून त्यांची झोप मोजली, कसलीही इजा न करता, मालक शेजारी असताना. २०१७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात हंगेरियन हुकूम ओळखणाऱ्या कुत्र्यांना 'बस' आणि 'आडवा हो' यांचे इंग्रजी शब्द शिकवले. शिकल्यानंतरच्या झोपेत त्यांच्या मेंदूच्या लहरी वेगळ्या दिसल्या. म्हणून नवीन काही शिकवलंत की लगेच दुसरा धडा घेऊ नका, त्याला एक झोप काढू द्या. त्याच गटाने आणखी एक गोष्ट पाहिली. माणसाकडून दुरावा किंवा दटावणी असा वाईट अनुभव आल्यावर कुत्री लवकर झोपी गेली, पण त्यांच्या झोपेची घडण बदललेली होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. 'रागावलो, पण बघ, कसं शांत झोपलंय' असं आपण म्हणतो, तेव्हा ती झोप शांतपणाची असेलच असं नाही.

कसं झोपतं यावरून काय कळतं, आणि काय कळत नाही

मुटकुळं करून, शेपूट नाकावर घेऊन झोपणं सगळ्यांत जास्त दिसतं. थंडीत अंगातली ऊब राखायला आणि पोट झाकायला ही बसकण उत्तम. खेड्यात हिवाळ्याच्या पहाटे विझलेल्या शेकोटीच्या कोमट राखेत कुत्री अशीच पडलेली असतात. त्यामुळे डिसेंबरात मुटकुळं दिसलं तर ते थंडीचं आहे. पण एप्रिलमध्ये, पंख्याखाली, कुत्रं घट्ट मुटकुळं करून आणि अंग चोरून झोपत असेल, तर ते अजून घराला सरावलेलं नाही किंवा त्याचं पोट दुखतंय, असा विचार करा.

कुशीवर, पाय ताणून झोपलेलं कुत्रं निर्धास्त असतं. स्वप्नं बहुतेक याच स्थितीत दिसतात: मिशा थरथरतात, पंजे धावल्यासारखे हलतात, बंद तोंडातून 'वुफ्' असा दबका आवाज येतो. उताणं झोपणं म्हणजे पोट उघडं टाकणं. तिथे केस विरळ, म्हणून उकाड्यात गारवा मिळतो, आणि विश्वास असल्याशिवाय कुत्रं ते करत नाही. पुढच्या पायांवर हनुवटी टेकून, मागचे पाय अंगाखाली घेऊन पडलेलं कुत्रं मात्र बहुधा नुसतं पडलेलं असतं. ते क्षणात उठू शकतं. मागचे पाय बेडकासारखे पसरून पोट फरशीला लावणं ही लॅब आणि बीगलच्या पिल्लांची आवडती तऱ्हा, निव्वळ गारव्यासाठी.

पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं वेगळं आहे. माझ्या बहिणीकडे ठाण्याला पग आहे, गुंडी. ती सोफ्याच्या कडेवर हनुवटी उंच टेकवून, कधी तोंडात रबरी चेंडू धरून झोपते. घरच्यांना त्याचं कौतुक वाटायचं, फोटो काढले जायचे. खरं कारण असं की मान वर आणि तोंड उघडं असलं की तिची श्वासनळी मोकळी राहते. पगचं घोरणं 'जातीचंच आहे' म्हणून सोडून देऊ नका. घोरता घोरता श्वास अडकून ते दचकून उठत असेल, बसून झोपायला लागलं असेल, तर डॉक्टरांना त्याचा व्हिडिओ दाखवा. वजन कमी करणं हा त्यावरचा पहिला उपाय, आणि तो आपल्याच हातात आहे.

झोपण्याआधी जागेवरच दोनतीन गिरक्या घेणं अगदी स्वाभाविक आहे. गवत तुडवून जागा करण्याची ती जुनी सवय असावी, असं मानतात. पण गिरक्या दहापंधरा झाल्या, बसतंय आणि पुन्हा उठतंय, असं दिसलं तर सांधे दुखत असण्याची शक्यता मोठी.

स्वभाव ओळखा, मग जागा द्या

वहीत आठवडाभराच्या नोंदी झाल्या की तुमचं कुत्रं साधारण कोणत्या वळणाचं आहे ते दिसायला लागतं. मी चार वळणं मानते. ही काही शास्त्रीय विभागणी नव्हे, इतक्या वर्षांच्या पाहण्यातून झालेली आहे.

राखणदार कुत्रं दार, जिना किंवा दोन खोल्यांमधला बोळ धरून झोपतं. पाठ भिंतीला, तोंड वाटेकडे. गावठी आणि जर्मन शेफर्ड यांत हे फार. त्याला आतल्या खोलीत कोंडून झोपवलंत तर ते रात्रभर भुंकेल, कारण आवाज ऐकू येतोय पण काय आहे ते दिसत नाही. त्याला दिसेल अशी जागा द्या, भुंकणं आपसूक कमी होतं.

सावली झालेलं कुत्रं माणसाला चिकटून झोपतं. बंड्या तसा होता. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी हातात आणून देण्यासाठी लॅब्रॅडॉर जोपासले गेले, माणसाकडे बघत राहणं त्यांच्या रक्तातच आहे. मी लिहायला बसले की माझ्या पावलावर त्याची हनुवटी. अशा कुत्र्याला बाल्कनीत झोपवणं ही त्याच्या लेखी शिक्षा असते. त्याला पलंगावर घ्यायलाच हवं असं नाही, पण निदान त्याच खोलीत ठेवा.

तिसरं, आपल्यातच राहणारं. ते सगळ्यांना दिसेल इतक्या जवळ पण हात पोचणार नाही इतक्या लांब झोपतं. त्याला प्रेम नाही असं समजून मुलं त्याला ओढून मांडीवर घेतात, आणि एक दिवस ते गुरगुरतं. कारवान, म्हणजे मुधोळ हाउंड, बहुतेक या वळणाचे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेली ही जात आमच्या भागात बरीच पाळतात. कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, हाडं टोकदार. उघड्या फरशीवर त्यांना खरंच बोचतं, म्हणून ते कुणाच्याही गादीवर चढतात. ओरडण्याआधी त्याच्यासाठी जाड अंथरूण घाला.

आणि चौथं भित्रं. पलंगाखाली, कपाटामागे, बाथरूमच्या कोपऱ्यात. अशा कुत्र्याला बाहेर ओढू नका. ते जिथे शिरतं तीच त्याची जागा करा. पलंगाखालचा पसारा काढा, सतरंजी घाला, तिथेच पाण्याचं भांडं सरकवा. दिवाळीत फटाके सुरू झाले की तर सगळीच कुत्री या वळणाची होतात. त्या चार दिवसांसाठी आतली एक खोली आधीपासून तयार ठेवा: खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा किंवा रेडिओ चालू. ऐन वेळी तयार केलेल्या खोलीत घाबरलेलं कुत्रं जात नाही. आठवडाभर आधी तिथे खाऊ देऊन सवय लावा.

एकच कुत्रं वयानुसार वळण बदलतं, हेही लक्षात असू द्या. राखणदार राणी आता सावली झाली आहे.

जागा ठरवताना

माणसांची ये-जा नको, पण एकटेपणही नको. पाठीला भिंत असावी. डोक्यावर एसीचा झोत किंवा शेजारी मच्छर अगरबत्तीचा धूर नको. मिक्सर, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर यांच्यापासून लांब.

ऋतूप्रमाणे जागा बदलावी लागते, आणि कुत्री आपण होऊन ती बदलतातच. उन्हाळ्यात ती मोरीपाशी, माठाखालच्या ओलसर जागी, फरशीच्या गार पट्ट्यावर जातात. जाऊ द्या. कुत्र्याचं शरीर नेहमीच आपल्यापेक्षा गरम, म्हणजे १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट. घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही थोडा. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. म्हणून चैत्र-वैशाखात कुत्र्याला गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली किंवा बंद गाडीत ठेवणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. ते जोरजोरात धापतंय, लाळ गळतेय, हिरड्या लालभडक झाल्यात आणि नीट उभं राहता येत नाही, असं दिसलं तर उष्माघात समजा. साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि तसंच डॉक्टरकडे न्या.

पावसाळ्यात फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्याशिवाय अंथरुणावर जाऊ देऊ नका. ओल राहिली की बेचक्यांत बुरशी होते आणि कुत्रं रात्रभर पंजे चाटत जागं राहतं.

अंथरूण

कुत्रं कुशीवर पाय ताणून झोपलेलं असताना नाकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंत मापा, त्यात वीतभर मिळवा. तेवढी लांबी हवी. दुकानातली देखणी गोल गादी मुटकुळं करणाऱ्यालाच पुरते.

जुन्या लुगड्यांची चौपदरी गोधडी हे मला अजूनही सगळ्यांत चांगलं अंथरूण वाटतं. धुता येते, वाळते, घरच्यांचा वास असतो, आणि उन्हाळ्यात उलगडून एकपदरी करता येते. लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा जड कुत्र्यांना मात्र खाली फोमचा थर हवा. फरशीवर वर्षानुवर्षं आपटून त्यांच्या कोपरांचे केस जातात, घट्टे पडतात, कधी पाण्याने भरलेली गाठ येते. कुत्रं गार फरशीच पसंत करत असेल तर गादी आणि फरशी दोन्ही शेजारी ठेवा, ते आलटून पालटून वापरेल.

अंथरूण आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. गोचीड कुत्र्याच्या अंगावर दिसते त्याहून जास्त भिंतीच्या भेगांत आणि अंथरुणाच्या शिवणीत असते. जागेच्या आसपासच्या भेगा सिमेंटने बुजवा. गुरांना लावायचं गोचिडीचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नका. प्रमाण चुकलं तर विषबाधा होते.

पलंगावर घ्यायचं की नाही

यावर घराघरांत वाद होतात. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांनी २०१७ साली ४० माणसं आणि त्यांची कुत्री यांची झोप मोजली. कुत्रं खोलीत असेल तर माणसाची झोप ठीक राहिली, पलंगावर असेल तर थोडी मोडली. माझा कलही खोलीत पण खाली, असाच आहे. तरी कुणाला कुत्रं पांघरुणात हवं असेल, कुत्रं निरोगी असेल, जंताचं औषध आणि गोचिडीचा बंदोबस्त वेळेवर होत असेल, तर त्यात गैर काही नाही.

चुकतं ते वेगळीकडे. बाबा घेतात, आई हाकलते, पाहुणे आले की दार बंद. कुत्र्याला नियम कळतो, मर्जी कळत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून एक काय ते ठरवा आणि तेच रोज पाळा. आणि पलंगावरचं कुत्रं कुणी जवळ आलं की गुरगुरत असेल, तर त्याला मारू नका, ओढूही नका. जमिनीवर खाऊ टाकून खाली बोलवा आणि पुढे महिनाभर पलंग बंद. दोन कुत्री असतील तर अंथरुणं दोन, आणि मध्ये अंतर. मग ती एकाच गादीवर झोपली तर त्यांची मर्जी.

पिल्लाच्या पहिल्या रात्री

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. घरी आणाल त्या रात्री ते रडणारच, कारण जन्मल्यापासून ते एकटं झोपलेलंच नाही. 'रडू दे, सवय होईल' हा सल्ला मला मान्य नाही. आईच्या आणि भावंडांच्या जागेवरचं फडकं मागून आणा आणि अंथरुणात ठेवा. उंच काठाचं खोकं किंवा पाळणा तुमच्या पलंगाशेजारी, हात खाली सोडला की पोचेल असा. कुंई झालं की हात सोडा. बोलू नका, दिवा लावू नका, उचलू नका. पिल्लाला महिन्यांत एक मिळवून जेवढे तास होतील साधारण तेवढा वेळच लघवी धरता येते, म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. तेव्हा गजर लावून स्वतःच उठा, बाहेर न्या, गप्प परत आणा. रोज रात्री पाळणा वीतभर लांब सरकवत गेलात तर दोनतीन आठवड्यांत ते हव्या त्या जागी पोचतं.

झोपेत हात लावू नका

हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायचं. गाढ झोपेतून दचकलेलं कुत्रं आधी चावतं आणि मग माणूस ओळखतं, त्यात राग नसतो. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर असा एक व्रण आहे. राणीला कमी ऐकू यायला लागलं होतं, मी मागून पांघरूण सारखं करायला गेले. चावल्यावर तीच जास्त घाबरली, दिवसभर माझ्याजवळ आली नाही. उठवायचं असेल तर लांबून नावाने हाक मारा. ऐकू येत नसेल तर जमिनीवर पाय आपटा, हादरा कळतो, किंवा नाकापाशी खाऊ धरा.

स्वप्न आणि झटका यांतला फरकही ओळखता आला पाहिजे. स्वप्नात हालचाल तुटक आणि हलकी असते, हाक मारली की कुत्रं उठतं. झटक्यात अंग ताठ होतं, लाळ गळते, लघवी होऊ शकते, हाकेला उत्तर नसतं आणि नंतर ते काही वेळ भांबावलेलं असतं. झटका असेल तर तोंडात हात घालू नका, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा, व्हिडिओ घ्या. पाच मिनिटांवर गेला तर तातडीने दवाखाना. खेळाच्या किंवा खाण्याच्या आनंदात कुत्रं एकदम कोसळून निपचित होत असेल तर तो नार्कोलेप्सी नावाचा दुर्मीळ आजार असू शकतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉबरमन कुत्र्यांवर झालेल्या कामातूनच १९९९ साली त्यामागचं जनुक सापडलं.

रात्री उठत असेल तर कारण शोधा

नेहमी शांत झोपणारं कुत्रं एकाएकी रात्री उठायला लागलं, तर आधी शरीराकडे बघा आणि सवयीकडे नंतर. पाणी जास्त पितंय का, लघवी वाढलीय का, कान खाजवतंय का, जिना चढताना थांबतंय का? माणसाच्या दुखण्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेन तर कुत्र्याच्या पोटावर आणि मूत्रपिंडावर घाला घालतं. शरीर ठीक असेल तर दिवस बघा. सकाळी अर्धा तास मनसोक्त हुंगत फिरलेलं कुत्रं रात्री झोपतं. नुसतं ओढत नेऊन शी-शू करवून आणलेलं झोपत नाही. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, शेवटची फेरी दिवे मालवण्याच्या जरा आधी.

म्हातारपणी

राणी आता तेरा वर्षांची आहे. दिवसभर झोपते आणि रात्री दोनच्या सुमारास उठून भिंतीकडे बघत उभी राहते. माणसांना म्हातारपणी विसर पडतो तसं कुत्र्यांनाही होतं. दिवस-रात्र उलटे होतात, रोजच्या खोलीत ती वाट चुकतात. डॉक्टरांकडे त्यावर औषधं आहेत, ती सुरू केली की थोडं सुधारतं. ओरडून काही होत नाही. मी उठते, तिच्या अंगाला अंग लावून बसते आणि तिला हळूच गोधडीकडे वळवते.

घरात केलेले बदल साधे आहेत. अंथरूण आईच्या खोलीतच आणलं. जाडी वाढवली, पण काठ इतका कमी ठेवला की पाय न उचलता चढता यावं. संध्याकाळी मावळतीच्या वेळी एक छोटी फेरी. बोळात रात्रभर झिरोचा दिवा. फरशीवर तिचे मागचे पाय घसरतात म्हणून गोधडीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत तरटाची पट्टी घातली आहे. फर्निचर वर्षभरात जागचं हललेलं नाही. अंधारात ती त्या तरटावरून पायाने चाचपत जाते, पाणी पिते आणि त्याच वाटेने परत येते. तुमच्याकडे असं म्हातारं कुत्रं असेल तर त्या वाटेवर रात्री चपला काढून ठेवू नका.